कोर्नेल दिनू: एकाच क्लबात १७ हंगाम काढलेला रुमानियन बचावपटू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या जुन्या फुटबॉलवर लिहायला लागल्यापासून कोर्नेल दिनूबद्दल सतत विचारणा होते. बहुतेकांना तो १९७० च्या विश्वचषकातल्या ब्राझीलविरुद्धच्या सामन्यामुळे माहीत असतो. काहींनी 'एकाच क्लबाचे खेळाडू' अशा एखाद्या यादीत त्याचे नाव पाहिलेले असते. वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, खरी वादावादी सहाव्यापासून सुरू होते.

१. कोर्नेल दिनू नेमका कोण? थोडक्यात सांगा.

रुमानियाचा बचावपटू. जन्म २ ऑगस्ट १९४८, गाव तर्गोविश्ते. १९६६ मध्ये तो राजधानी बुखारेस्टच्या दिनामो क्लबात आला आणि १९८३ मध्ये तिथूनच निवृत्त झाला. देशाच्या पहिल्या दर्जाच्या साखळीत, म्हणजे त्या काळच्या 'दिविझिया आ'मध्ये, तो ४५४ सामने खेळला आणि त्याने ५३ गोल केले. हे सगळे सामने एकाच क्लबासाठी. रुमानियाकडून १९६८ ते १९८१ या काळात ७५ आंतरराष्ट्रीय सामने. पुढे तो प्रशिक्षक झाला, राष्ट्रीय संघाचाही आणि दिनामोचाही.

गंमत अशी की दिनामो क्लबाची स्थापनाही मे १९४८ मधली. म्हणजे क्लब आणि खेळाडू यांच्या वयात तीन महिन्यांचेसुद्धा अंतर नाही.

२. दिनामो हा क्लब कोणाचा होता? नावावरून रशियन वाटतो.

नाव सोव्हिएत वळणाचेच आहे. मॉस्को, कीव, पूर्व बर्लिन, बुखारेस्ट, सगळीकडे दिनामो निघाले आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यामागे गृहखाते किंवा पोलीस होते. बुखारेस्टचा दिनामो गृह मंत्रालयाचा, म्हणजे नागरी पोलीस आणि गुप्त पोलीस या दोन्ही यंत्रणांचा क्लब. त्याचा शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी स्तेआवा, तो लष्कराचा.

साम्यवादी राजवटीत व्यावसायिक फुटबॉल कागदोपत्री अस्तित्वातच नव्हता. सगळे खेळाडू 'हौशी', आणि पगार नोकरीचा. दिनामोच्या खेळाडूंना गृहखात्यात हुद्दे असत. आपल्याकडे खेळाडू कोट्यातून पोलिसात लागलेला कबड्डीपटू जसा हजेरीपटावर शिपाई किंवा फौजदार असतो आणि प्रत्यक्षात मॅटवर असतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथले खाते अख्ख्या देशाला धाकात ठेवणारे होते. दिनामोबद्दल रुमानियात आजही जे प्रेम किंवा जो तिटकारा दिसतो, त्याचे मूळ इथे आहे, आणि दिनूच्या निष्ठेचा हिशेब मांडतानाही ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. (प्रश्न ६ पाहा.)

३. तो बचावपटू होता ना? मग ५३ गोल कसे?

दिनू मुख्यतः मधल्या जागेचा बचावपटू. कारकिर्दीच्या मोठ्या टप्प्यात तो लिबेरो म्हणून खेळला. लिबेरोला कोणा एका आघाडीपटूच्या मागे लागायचे नसते. बाकीचे बचावपटू आपापला माणूस धरून असतात आणि हा त्यांच्या मागे मोकळा उभा असतो. जो निसटेल त्याला गाठायचे, चेंडू काढायचा आणि मग मान वर करून पुढचा पास द्यायचा. आज तीन-चार जणांची सरळ रेषा आणि ऑफसाइडचा सापळा हीच पद्धत रूढ असल्यामुळे ती भूमिका जवळजवळ नामशेष झाली आहे.

लिबेरोकडे चेंडू आला की समोर बरेचदा मोकळे मैदान असे. त्याला धरून खेळणारा असा कोणी नसे. त्यामुळे तो थेट मधली फळी ओलांडून पुढे जाऊ शके. दिनू हे सर्रास करायचा, आणि गरज पडली तर मधल्या फळीतही खेळायचा. ४५४ सामन्यांत ५३ म्हणजे साधारण साडेआठ सामन्यांत एक गोल. बचावपटूसाठी हा आकडा घसघशीत आहे. पण निव्वळ गोल मोजून त्याचे मोठेपण ठरवू नये. सामन्याचा वेग कधी वाढवायचा आणि कधी चेंडू थंड करायचा हे मागून ठरवणारा खेळाडू म्हणून संघाला त्याची गरज होती.

४. त्याला 'सरकारी वकील' का म्हणत?

कारण त्याने खरोखरच कायद्याची पदवी घेतली. रुमानियन भाषेत 'प्रोकुरोरुल' हे त्याचे टोपणनाव, आणि ते इतके घट्ट बसले की वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांत नावाऐवजी तेच यायचे. निवृत्तीनंतर ते अधिकच शोभले, कारण बोलायला लागला की कोणाचीही उलटतपासणी घेतल्यासारखा बोलतो. जुने सहकारी, क्लबाचे मालक, पंच, कोणीही सुटत नाही.

५. दिनामोकडून खेळाडू म्हणून त्याने किती जेतेपदे मिळवली?

साखळीची सहा: १९७१, १९७३, १९७५, १९७७, १९८२ आणि १९८३. रुमानियन चषक दोनदा: १९६८ आणि १९८२. म्हणजे १९८२ मध्ये दुहेरी मुकुट.

सत्तरच्या दशकातली चार वर्षे पाहा. एक वर्ष दिनामो, एक वर्ष दुसरा कोणीतरी, अशी जणू पाळीच लागलेली. मधल्या वर्षांत आर्जेश पितेश्ती (१९७२), युनिव्हर्सिताते क्रायोवा (१९७४) आणि स्तेआवा (१९७६) यांनी बाजी मारली. दिनामोची सरकारी ताकद पाहता सगळे त्यालाच मिळाले असते असे वाटेल, पण साखळी तेवढी एकतर्फी नव्हती.

६. साम्यवादी हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात परदेशी जायला परवानगीच नव्हती. मग यात निष्ठा कसली? तो अडकला होता एवढेच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्तच आहे.

परदेशाचे दार बंद होते, हे खरे. पितेश्तीच्या निकोलाए दोब्रिनवर रेआल माद्रिदची नजर होती, क्रायोवाच्या इलिए बालाचवर इटलीची. दोघेही देशातच राहिले. ज्यांना जायचेच होते त्यांना पळून जावे लागे. स्तेआवाचा मार्चेल रादुकानू १९८१ मध्ये डॉर्टमुंडला गेलेल्या संघातून निसटला आणि जर्मनीतच राहिला. स्तेआवाचाच बचावपटू बेलोदेदिच १९८८ च्या अखेरीस युगोस्लाव्हियात गेला. मायदेशी दोघांनाही त्यांच्या पश्चात शिक्षा सुनावल्या गेल्या. तेव्हा दिनू 'मिलानला गेला नाही' याचे श्रेय त्याला देणे म्हणजे कुलूप लावलेल्या खोलीतून बाहेर न पडल्याबद्दल एखाद्याचे कौतुक करणे.

दार पूर्वी थोडे किलकिले होते, हेही सांगायला हवे. दिनामोचाच मोठा बचावपटू इयोन नुनवायलर १९६८ मध्ये रीतसर तुर्कस्तानात फेनेरबाचेकडे गेला. पण तेव्हा त्याची कारकीर्द उतरणीला लागली होती, आणि दिनू नुकता सुरू झाला होता.

मात्र देशातल्या देशात क्लब बदलता येत होता, आणि लोक बदलत होते. १९७० च्या राष्ट्रीय संघातले दिनामोचे मोठे चेहरे म्हणजे दिनू, फ्लोरेया दुमित्राके, रादू नुनवायलर आणि कर्णधार मिर्चा लुचेस्कू. यांतला दुमित्राके १९७६ मध्ये जिउल पेट्रोशानी या खाणगावाच्या संघात गेला आणि तिथून पुढे हुनेदोआराच्या कोर्विनुलकडे. रादू नुनवायलरही कोर्विनुलला. लुचेस्कू १९७७ मध्ये त्याच कोर्विनुलला, जिथे तो आधी खेळला आणि मग प्रशिक्षक झाला. हुनेदोआरा हे ट्रान्सिल्व्हेनियातले पोलाद कारखान्याचे गाव. सत्तरच्या दशकातला दिनामो तिथे अर्धाअधिक उतरला होता असे म्हटले तरी चालेल.

दिनू मात्र राहिला. आणि राहिला तो कोणत्या काळात? १९७७ नंतर दिनामोला सलग चार हंगाम जेतेपद मिळाले नाही. १९७८ स्तेआवाने नेले, १९७९ आर्जेशने, १९८० आणि १९८१ क्रायोवाने. जुने सोबती पांगलेले, संघ पुन्हा उभा राहतोय, आणि दिनू तिशी ओलांडतोय. त्या वयात आणि त्या अवस्थेत लहान गावात जाऊन देवासारखे मिरवणे सोपे होते. त्याच्या निष्ठेचा पुरावा शोधायचाच असेल तर तो या चार कोरड्या हंगामांत शोधावा. सहा जेतेपदांच्या वर्षांत राहण्यात विशेष काही नाही.

आता दुसरी बाजू. दिनामोत राहणे हे हालअपेष्टांचे व्रत नव्हते. राजधानी, खात्यातला हुद्दा, बरे घर, विद्यापीठ हाताशी, आणि परदेशी सामन्यांसाठी प्रवास. सामान्य रुमानियन माणसाला यांतले काहीच सहजी मिळत नव्हते. त्यामुळे निष्ठा आणि सोय यांची सरमिसळ होती, असे माझे मत. दोन्हींतले किती कशाचे, ते त्या राजवटीत वाढलेल्या माणसालाही वेगळे काढता येणार नाही.

७. खेळाडूला स्वतःच्या मर्जीने क्लब बदलता येत होता की वरून हुकूम यायचा?

दोन्ही प्रकार चालत. सगळ्यात बदनाम मार्ग सक्तीच्या लष्करी सेवेचा. एखादा गुणी पोरगा वयात आला की स्तेआवा किंवा दिनामो त्याला सेवेच्या नावाखाली आपल्याकडे ओढून घेत आणि मग सोडत नसत. छोट्या क्लबांच्या समर्थकांचा दोघांवरचा राग यातूनच आला. याउलट तिशीच्या आसपासच्या खेळाडूंना प्रांतांतल्या क्लबांकडे जायला सहसा अडवले जात नसे. गावातला कारखाना किंवा खाण पाठीशी असे, पैसा आणि नोकरी मिळे. प्रश्न ६ मधली मंडळी या दुसऱ्या गटातली.

८. पण तो सुरुवातीला तर्गोविश्तेत खेळला होता. मग 'एकाच क्लबाचा खेळाडू' कसा?

या याद्या वरिष्ठ पातळीवरच्या कारकिर्दीवरून बनवतात. तर्गोविश्तेतल्या मेतालुल क्लबात तो घडला. १८ वर्षांचा झाला तेव्हा तो दिनामोत होता, आणि पहिल्या दर्जाचा पहिला सामनाही त्याच क्लबाकडून. गावातल्या पोरसवदा दिवसांचा हिशेब धरला तर जगातल्या बहुतेक 'एका क्लबाच्या' खेळाडूंची नावे बाद करावी लागतील.

तर्गोविश्ते बुखारेस्टच्या वायव्येला, पूर्वी वालाकिया या जुन्या संस्थानाची राजधानी असलेले गाव. इतिहासाच्या वाचकांना ते दुसऱ्या कारणाने माहीत असेल: डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कू दांपत्यावर घाईघाईने खटला चालवून तिथल्याच बराकीत गोळ्या घातल्या गेल्या.

९. १९७० च्या विश्वचषकात नेमके काय झाले? पेलेविरुद्ध दिनू खेळला का?

खेळला. तिन्ही सामने.

रुमानिया १९३८ नंतर पहिल्यांदाच विश्वचषकात पोहोचला होता, तोही पोर्तुगालच्या गटातून वर येऊन. प्रशिक्षक अंगेलो निकुलेस्कू यांची पद्धत चेंडू पायात ठेवून वेळ काढण्याची, समोरच्याला कंटाळा आणण्याची. मेक्सिकोच्या उन्हात आणि उंचीवर ती शहाणपणाचीही होती. गट मात्र जीवघेणा निघाला: गतविजेता इंग्लंड, ब्राझील आणि चेकोस्लोव्हाकिया. सगळे सामने ग्वादालाहाराला.

२ जूनला इंग्लंडकडून ०-१, गोल जेफ हर्स्टचा. ६ जूनला चेकोस्लोव्हाकियाने पाचव्याच मिनिटाला आघाडी घेतली, पण दुसऱ्या सत्रात नेआगू आणि दुमित्राके यांनी सामना २-१ असा फिरवला. मग १० जूनला ब्राझील.

त्या दिवशी मागच्या फळीत मधोमध दिनू आणि रापिद क्लबाचा निकोलाए लुपेस्कू. ब्राझीलचे गेर्सन आणि रिव्हेलिनो दुखापतीमुळे बाहेर होते, पण पेले, जैरझिन्यो, तोस्ताव होतेच. १९ व्या मिनिटाला पेले, २२ व्या मिनिटाला जैरझिन्यो, आणि २-०. इथे निकुलेस्कूंनी असे काही केले जे विश्वचषकात आधी कोणी केले नव्हते: अर्धा तास व्हायच्या आत गोलरक्षक अदामाके बाहेर आणि रिका रादुकानू आत. बदली खेळाडूंची मुभाच त्या स्पर्धेपासून सुरू झाली होती, त्यामुळे विश्वचषकातला पहिला बदली गोलरक्षक म्हणून रादुकानूचे नाव लागले. ३४ व्या मिनिटाला दुमित्राकेने बचावाला चकवून गोल केला. ६७ व्या मिनिटाला पुन्हा पेले. ८४ व्या मिनिटाला देम्ब्रोव्स्कीचा हेडर, ३-२. शेवटची सहा मिनिटे जगज्जेता होणारा ब्राझील घड्याळाकडे पाहत होता.

तीन गोल खाल्लेल्या बचावफळीचे कौतुक कसे करायचे, असेही एकाने विचारले होते. त्या ब्राझीलने अंतिम सामन्यात इटलीच्या बचावफळीला चार गोल मारले. कातेनाच्योची, म्हणजे कुलूपबंद बचावाच्या पद्धतीची, शेखी मिरवणाऱ्या इटलीला चार, तर दिनूच्या संघाला तीन. एवढे पुरे.

१०. दोब्रिनला त्या स्पर्धेत एक मिनिटही का खेळवले नाही?

हा दिनूचा प्रश्न नाही, निकुलेस्कूंचा आहे, आणि रुमानियात अजून धगधगतो. त्या पिढीतला सर्वांत कलंदर खेळाडू मेक्सिकोला नेला आणि तिन्ही सामने बाहेर बसवला. शिस्त हे कारण दिले गेले. पितेश्तीकर ते आजही मान्य करत नाहीत.

११. १९७० नंतर एवढा चांगला संघ असून दिनू पुन्हा एकाही मोठ्या स्पर्धेत का दिसला नाही?

थोडक्यात सांगायचे तर प्रत्येक वेळी शेवटच्या पायरीवर घसरण.

१९७२ च्या युरो स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी हंगेरीशी. बुडापेस्टला १-१, बुखारेस्टला २-२. परक्या मैदानावरच्या गोलाचा नियम (एकूण बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ पुढे) तिथे लागू असता तर हंगेरी तिथेच पुढे गेला असता. तो नसल्यामुळे बेलग्रेडला तिसरा सामना झाला, आणि १-१ अशी बरोबरी असताना ८९ व्या मिनिटाला हंगेरीच्या सोकेने गोल केला. तेव्हाच्या युरोत शेवटचे चारच संघ मुख्य स्पर्धेत खेळत, म्हणजे रुमानिया एका मिनिटाने हुकला.

१९७४ च्या पात्रता फेरीत पूर्व जर्मनी एका गुणाने पुढे गेला. रुमानियाने फिनलंडला घरच्या मैदानावर ९-० ने धूळ चारली होती, पण हेलसिंकीत त्याच फिनलंडशी १-१ बरोबरी केली होती. तो गेलेला एक गुण नडला. १९७८ च्या पात्रता फेरीत बुखारेस्टमध्ये युगोस्लाव्हियाकडून ४-६ असा विचित्र पराभव झाला आणि गटातून स्पेन गेला. १९८२ साठीच्या फेरीत इंग्लंडला बुखारेस्टला हरवले, पण स्वित्झर्लंडकडून त्याच शहरात हार पत्करली. तोवर दिनू ३३ वर्षांचा झाला होता आणि त्याच वर्षी, १९८१ मध्ये, त्याचा राष्ट्रीय संघातला प्रवास संपला.

१२. बचावपटू असून तीनदा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू? हे खरे आहे का?

खरे आहे. १९७०, १९७२ आणि १९७४ साली रुमानियाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली. दोब्रिन, दुमित्राके, देम्ब्रोव्स्की, इयोन दुमित्रू असे पुढच्या आणि मधल्या फळीतले तालेवार खेळाडू समोर असताना. पाच वर्षांत तीनदा एका बचावपटूला निवडणे हे तेव्हाच्या कोणत्याही देशात नवलाचेच. पश्चिम जर्मनीत बेकेनबाउअर होता म्हणून तिथे लिबेरोला मान होता. रुमानियात तो दिनूने मिळवून दिला.

१३. युरोपियन स्पर्धांत दिनामोने काय दिवे लावले?

त्याच्या काळात मोठा पल्ला गाठला नाही, पण आठवणीत राहतील असे सामने आहेत.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये बेलफास्टच्या क्रुसेडर्सला बुखारेस्टमध्ये ११-०. युरोपियन चषकाच्या, म्हणजे देशोदेशीच्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या, इतिहासातल्या सर्वांत मोठ्या विजयांत हा सामना नेहमी गणला जातो. त्यानंतरच्या फेरीत अॅट्लेटिको माद्रिदने दिनामोला जमिनीवर आणले. १९७१ मध्ये फायनोर्डने, १९७५ मध्ये रेआल माद्रिदने बाहेर काढले. मोठ्या क्लबांशी गाठ पडली की थांबायचे, असे ते दशक गेले.

ऐंशीच्या सुरुवातीचा, म्हणजे दिनूच्या शेवटच्या दोन हंगामांतला संघ जास्त कणखर होता. १९८१ मध्ये यूएफा चषकात इंटर मिलानशी सान सिरोवर १-१ आणि बुखारेस्टमध्ये जादा वेळेत ३-२. पुढच्या वर्षी युरोपियन चषकात तेव्हाचा गतविजेता अॅस्टन व्हिला मात्र दोन्ही सामन्यांत भारी पडला.

१४. १९८४ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध उपांत्य सामना खेळलेल्या दिनामोत तो होता का?

नव्हता, आणि ही चूक खूप ठिकाणी दिसते. दिनामोने गतविजेत्या हँबर्गला हरवून युरोपियन चषकाची उपांत्य फेरी गाठली ती १९८३-८४ च्या हंगामात. अॅनफिल्डला ०-१, बुखारेस्टला १-२. तोपर्यंत दिनूने बूट खुंटीला टांगले होते. १९८३ च्या उन्हाळ्यात मागच्या फळीत मिर्चा रेदनिक आणि योआन आंदोने आले होते, आणि आले कुठून, तर हुनेदोआराच्या कोर्विनुलमधून, जिथे लुचेस्कूने त्यांना घडवले होते. सहा-सात वर्षांपूर्वी दिनामोचे जुने खेळाडू ज्या गावी गेले, त्याच गावातून दिनूच्या जागेचे वारस आले.

१५. त्याचा १९७० मधला जोडीदार लुपेस्कू म्हणजेच १९९० आणि १९९४ च्या विश्वचषकातला लुपेस्कू का?

नाही. निकोलाए लुपेस्कू बाप, योआन लुपेस्कू मुलगा. बाप रापिदचा बचावपटू, मुलगा दिनामोचा मध्यरक्षक. मुलगा १९९० मध्ये सीमा उघडताच लेव्हरकुसेनला गेला. दिनामोचा १९९० चा अख्खा संघ वर्ष-दोन वर्षांत युरोपभर पांगला: रादुचोयू, मातेउत्स, आंदोने, रेदनिक, क्लाइन. संधी मिळाल्यावर कोणीही थांबले नाही. दिनूच्या पिढीला ती संधी मिळाली असती तर काय झाले असते, हे यावरून बरेच कळते. (प्रश्न ६ पुन्हा वाचावा.)

१६. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून तो अपयशी ठरला असे वाचले. खरे का?

१९९२ मध्ये त्याच्याकडे संघ आला तो हाजी, पोपेस्कू, रादुचोयू, पेत्रेस्कू यांचा. १९९४ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी चालू होती. २ जून १९९३ ला कोशित्से इथे चेक आणि स्लोव्हाकांच्या संयुक्त संघाने रुमानियाला ५-२ ने झोडपले. त्या पराभवानंतर दिनूची उचलबांगडी झाली आणि अंगेल योर्दानेस्कू आला. त्याने उरलेले सामने जिंकून संघाला अमेरिकेला नेले, आणि तिथे रुमानिया उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

बचावपटूच्या हाताखालच्या संघाने पाच गोल खावेत, ही टीका तेव्हा भरपूर झाली. ती बोचरी असली तरी अन्यायाची म्हणता येणार नाही. त्या संघाकडे प्रतिभा ओसंडून वाहत होती आणि मागे शिस्त नव्हती. ती लावणे हेच तर दिनूचे काम होते. दुसरीकडे, कारभार बदलला तेव्हा पात्रतेची शक्यता जिवंत होती हेही विसरू नये. संघ मोडीत काढलेला नव्हता.

१७. आणि दिनामोचा प्रशिक्षक म्हणून?

इथे तो जिंकला. दिनामोच्या बाकावर तो एकापेक्षा अधिक वेळा बसला. सर्वांत मोठे यश १९९९-२००० च्या हंगामातले, जेव्हा साखळी आणि चषक दोन्ही मिळाले. क्लबाचे आठ वर्षांतले ते पहिलेच साखळी जेतेपद. तरुण आद्रियान मुतू हंगामाच्या मध्यात इंटरला विकला गेला, तरी संघ डगमगला नाही.

दिनामोच्या नावावर साखळीची एकूण १८ जेतेपदे आहेत. त्यांतली सहा दिनू मैदानात असताना, आणि १९९९-२००० चे तो बाहेरच्या बाकावर असताना.

१८. ४५४ सामने हा साखळीतला विक्रम आहे का?

नाही. दिनामोचाच आघाडीपटू योनेल दांचुलेस्कू ५१५ सामन्यांपर्यंत गेला. पण तो मध्ये स्तेआवाकडेही खेळला, म्हणजे थेट शत्रूच्या गोटात. दिनूच्या ४५४ सामन्यांत जर्सी बदललेली नाही.

१९. १९८६ मध्ये युरोपियन चषक जिंकलेल्या संघाचा कर्णधारही रुमानियन बचावपटूच होता. तो दिनू नव्हे का?

तो श्तेफान योवान, स्तेआवाचा. सेव्हिलला बार्सिलोनाविरुद्ध पेनल्टींवर जिंकलेला सामना, ज्यात गोलरक्षक दुकादामने चारही पेनल्टी अडवल्या. योवानही बराच काळ स्तेआवात होता, पण कारकिर्दीच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ब्रायटनकडे गेला. याच संघातला बेलोदेदिच पळून गेल्यावर १९९१ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टारकडून पुन्हा युरोपियन चषक जिंकला. म्हणजे दोन वेगवेगळ्या क्लबांकडून तोच चषक. आणि १९८३ मध्ये यूएफा चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या क्रायोवाचा लिबेरो कोस्तिका श्तेफानेस्कू, ज्याची दिनूशी हमखास गल्लत होते, त्याने सुरुवात स्तेआवात केली होती. त्या पिढ्यांतल्या नामवंत बचावपटूंत पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत एकाच जर्सीत राहिलेला म्हणून दिनूचेच नाव पुढे येते.

२०. दिनामोची आजची अवस्था काय?

२०२२ मध्ये क्लब इतिहासात पहिल्यांदाच दुसऱ्या दर्जात घसरला. कर्जे, मालकांचे घोळ, पगार थकलेले, हे वर्षानुवर्षे चालले होते. शेवटचा घाव युनिव्हर्सिताते क्लुजविरुद्धच्या निर्णायक लढतीत बसला. पुढच्याच हंगामात, २०२३ मध्ये, तो पुन्हा वर आला. श्तेफान चेल मारे रस्त्यावरचे १९५१ चे जुने मैदान, ज्याला समर्थक 'खड्डा' म्हणत कारण ते खरोखर जमिनीच्या पातळीखाली होते, त्याच्या जागी नवे मैदान उभारायचे ठरले. दिनूचे बहुतेक घरचे सामने त्या खड्ड्यातले. मोठ्या गर्दीचे सामने '२३ ऑगस्ट' या राष्ट्रीय मैदानावर होत. तेही पुढे पाडले गेले आणि त्याच जागी २०११ मध्ये राष्ट्रीय अरेना सुरू झाली.